सव्वा फेरा

गीताबाई तांबे पोलादपुरातल्या निशा जाधवच्या कचेरीची पायरी चढून आली, तेव्हा महादूनं तिला बसा म्हटलं नाही आणि पाणीही विचारलं नाही.

कोपऱ्यात माठ होता, त्यावर स्टीलचा पेला पालथा घातलेला होता. गीताबाईनं एकदा माठाकडे पाहिलं, एकदा महादूकडे, आणि पदरानं तोंड पुसून ती दाराशीच उभी राहिली. महादू खिडकीबाहेर बघत राहिला.

महादू शेलार म्हणजे निवृत्त हवालदार. खाजगी तपास करणाऱ्या निशाताईची जीप तो चालवायचा, कागद सांभाळायचा आणि ताईंच्या नजरेला जे पडलं ते तासाभरानं आपल्याही नजरेला पडलं की खूश व्हायचा. तो मूळचा कुडपणचा. आदल्याच संध्याकाळी कुडपणात सदू चिकणेच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. सदू एकतीस वर्षांचा, महाडच्या एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात कामाला. मंगळवारी दुपारी तिथं वाफेनं भाजला आणि बुधवारी सकाळी गेला. तो कुणामुळे गेला, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं: तुडीलचा रामजी तांबे. आणि ही त्या रामजीची बायको.

"माज्या मालकांनी नाय मारला त्याला," ती म्हणाली.

निशाताई उठल्या. स्वतः पेला भरून त्यांनी तिच्या हातात दिला, खुर्ची ओढली. महादूनं हातातला फायलींचा गठ्ठा टेबलावर आपटला.

हकीकत छोटी होती. रामजी कारखान्यातल्या सुट्या यंत्रांच्या शेडचा राखणदार. चालू यंत्र बंद पडलं तर लावायला म्हणून ठेवलेल्या मोटरी, पंप पुसायचे, वंगण द्यायचं आणि दर शनिवारी प्रत्येकाचा दांडा हातानं फिरवायचा, हे त्याचं एकोणीस वर्षांचं काम. मंगळवारी थंड पाण्याच्या पंपाची मोटर जळली. रामजीच्या शेडमधली मोटर आणून बसवली. ती वीस मिनिटं चालली आणि आवळून बसली. थंड पाणी थांबलं, भट्टी तापली, झाकण फुटलं. झाकणाशी सदू होता.

"कंपनी बोलतेय, रामजीनं मोटर फिरवलीच नाय, वंगण दिलाच नाय. खोट्या सह्या मारल्या. शनवारी चौकशी हाय. मग पोलिसात देणार. माणूस मेल्याचा गुना." तिनं पेला खाली ठेवला. "एकोणीस वरसात त्यांनी एक शनवार चुकवला नाय. आता डोळ्याचं आपरेशन झालं तेवढं तीन आठवडं सोडून."

"मग तेवढ्यातच मोटर मेली," महादू फाडकन बोलला. "आणि आमचा सदूपण."

"हवालदार," निशाताई म्हणाल्या, "उद्या सकाळी जीप काढा. आधी तुडील, मग कारखाना."

---

सावित्रीच्या काठावर तुडीलला रामजीचं घर. एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून तो ओटीवर बसला होता. भिंतीवर एकाच माणसाचे वेगवेगळ्या वयांतले फोटो होते, सगळे दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर काढलेले, प्रत्येकाखाली साल लिहिलेलं.

"दरसाल जाता?" निशाताईंनी विचारलं.

"दरसाल. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी धरायची. दसऱ्याला नागपूर."

"आणि शेडची चावी?"

"माज्या खिशात. दुसरी पवारसायबांकडं, ते देखभालीचे मुख्य."

"तीन आठवडे दांडे कोणी फिरवले?" महादूनं पोलिसी आवाजात विचारलं.

"कोणीच नाय. पण तेवढ्यानं मोटर मरत नाय, हवालदार." रामजीनं दोन्ही हात पुढे केले आणि हवेतच एक दांडा फिरवून दाखवला. "मोटरीत बेरिंग असतात, बेरिंगात गोळ्या. मोटर पडून राहिली का सगळा भार एकाच जागी येतो. म्हणून शनवारी सव्वा फेरा द्यायचा. पुरा फेरा दिला तर गोळ्या होत्या तिथंच परत येतील. सव्वा दिला का नवी जागा. दांड्याच्या तोंडावर मी पिवळी रेघ मारतो, म्हणजे कळतं. आणि शेड मुद्दाम लांब बांधलीय. बंद मोटरीचा खरा वैरी म्हणजे शेजारचा चालता यंत्र. त्याच्या थरथरीनं गोळ्या जागच्या जागी बेरिंगाचं कडं खातात."

ऐकायला गोड होतं. चोवीस वर्षं पोलिसात काढलेल्या महादूनं चोराच्या तोंडून गोड गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या.

---

विम्याच्या कामांमुळे निशाताईंना कारखान्याच्या फाटकावर कुणी अडवत नसे. भांडार अधिकारी स्नेहल कदम त्यांना शेडकडे घेऊन गेली. पंचविशीची मुलगी, रडून रडून डोळे सुजलेले. सदूनं तिला भाऊबीजेला ओवाळणी घातली होती म्हणे.

शेडच्या दारावर बाहेरून हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती, थरावर थर.

"खंडेनवमीला कामगार सगळ्या यंत्रांची पूजा करतात," स्नेहल म्हणाली. "शेड बंद असते, म्हणून दारालाच बोटं लावतात."

आत पाच मोटरी, लाकडी फळ्यांवर जुना रबरी पट्टा अंथरून ठेवलेल्या. सहावी जागा रिकामी. पाचही दांड्यांच्या तोंडावर पिवळी रेघ होती आणि पाचही रेघा उजवीकडे वळलेल्या. निशाताईंनी एका दांड्याला बोट लावलं. तो लोण्यातून फिरावा तसा फिरला. त्यांनी तो परत पहिल्या जागी आणून ठेवला, मग जमिनीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि त्याकडे बघत उकिडव्या बसल्या. पाणी हललं नाही.

"ताई, तहान लागली का?" महादूनं विचारलं.

"नाही. स्नेहल, या महिन्यात कारखान्यात काही विशेष होतं?"

"दहा तारखेला ऑडिट होतं. वर्षभर एकही यंत्र बंद पडलं नाही म्हणून पवारसरांना ढाल मिळाली."

कार्यशाळेत ती आवळून बसलेली मोटर उघडून ठेवली होती. शेजारी फिटर महिपती मोरे बसला होता, मंगळवारी ती यानंच आणून बसवली होती. बेअरिंगच्या कड्यावर गोळीगणिक एकेक खड्डा होता, नख अडकेल एवढा. वंगण वाळून साबणाच्या वडीसारखं झालेलं.

"बघा," महादू म्हणाला. "डोळ्यांनी बघा."

निशाताई बघतच होत्या. मोटरीला नवा निळा रंग होता, उष्णतेनं फुगून जागोजाग सुटलेला. क्रमांकाची पाटी जुनी होती, पण ती जिथं ठोकली होती ते चारही रिबिट, म्हणजे बिनआट्यांचे खिळे, कोरे करकरीत. दांड्याच्या तोंडावर रेघ नव्हती.

"रेघ जोडणीत घासून गेली असंल," महादू म्हणाला.

ताईंनी माथ्यावरची रंगाची एक खपली नखानं काढली. खाली तेलकट लाल, त्याखाली पिवळं.

"रेड ऑक्साइड," महादूनं सांगून टाकलं. "लोखंडाला आधी मारतात तो."

"असेल," म्हणत त्यांनी ती खपली पांढऱ्या रुमालात गुंडाळली. "महिपतीभाऊ, मंगळवारी नेमकं काय झालं?"

"काय व्हायचं? पंप बसला. मी बोललो, शेडातली मोटर आणतो. पवारसायेब बोलले, थांब, दोन नंबरच्या ब्लोअरची काढून लावू. मी बोललो, सायेब, ती काढायला तास जाईल, शेडात तयार मोटर हाय ना? मग ते काय बोलले नाय." त्यानं हात चिंधीला पुसले. "बाई, मी खरा सांगतो. रामजीनं कुठल्या यंत्राला कधी कुंकवाचं बोट लावला नाय. सणाला माणूस हजरच नसतो. यंत्र कोपणार नाय तर काय?"

महादूला ते पटलं. तो स्वतः दर खंडेनवमीला जीपला नारळ फोडायचा आणि जगातला प्रत्येक माणूस असंच करतो असं धरून चालायचा.

ऋत्विक पवारच्या टेबलावर ती ढाल होती, पितळेची, चकचकीत. माणूस तिशीतला, मऊ बोलणारा. महादूला तो पाहताक्षणीच आवडला.

"रामजीकाका माणूस म्हणून उत्तम," तो म्हणाला. "पण वय झालं, दिसत नव्हतं. मीच रजेवर पाठवलं त्यांना. आता चुकीबद्दल मोठी शिक्षा होऊ नये, एवढंच मी वरती सांगीन."

"काकांच्या रजेत शेड उघडली होती?"

"छे. कशासाठी?"

बाहेर आल्यावर निशाताई भरलेला पेला घेऊन कारखानाभर फिरल्या. पंपाजवळ ठेवला, गोदामात ठेवला, भट्टीच्या पायरीवर ठेवला. कामगार हसायला लागले आणि महादूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ब्लोअरच्या खोलीत हवा फेकणारी दोन यंत्रं शेजारीशेजारी होती. एक नंबर धडधडत होता, दोन नंबर राखीव म्हणून बंद. बंद ब्लोअरच्या मोटरीशी पेला ठेवताच पाण्यावर कडीला कडी लागली आणि थेंब उडून खाली सांडले.

चालू मोटरीच्या माथ्यावर गेल्या दसऱ्याची हळदीकुंकवाची बोटं होती, झेंडूची वाळकी माळ होती. बंद मोटर मात्र आंघोळ घातल्यासारखी स्वच्छ.

"हिला कुणी पुसून घेतलं वाटतं," महादू म्हणाला.

परतताना चहाच्या टपरीवर ताईंनी रुमाल नळाखाली धरला. खपलीतलं पिवळं कापडाला लागलं होतं. त्यावर साबण फिरवताच डाग लालभडक झाला. महादू म्हणाला, असला दरिद्री रंग आपण जन्मात पाहिला नाही. ताईंनी रुमाल पिळून खिशात ठेवला आणि चहा मागवला.

घाटाच्या वाटेला लागल्यावर महादूचा संयम सुटला. "ताई, साप म्हणून भुई का धोपटताय? खड्डे तुम्ही बघितले. सदूची आई ठकूबाय परवा चितेसमोर काय बोलली, माहीत हाय? रामजीच्या हातांना कीड पडो म्हणाली. आणि आपण त्याचीच वकिली करतोय."

"खड्डे मी पाहिले," निशाताई म्हणाल्या. "म्हणूनच."

---

शनिवारी अकराला चौकशी सुरू झाली. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक मध्ये, ऋत्विक उजवीकडे, महिपती आणि स्नेहल भिंतीशी. एक फौजदार कंटाळून बसला होता. रामजी उभा होता, कारण त्याला खुर्ची ठेवलेली नव्हती. गीताबाईला फाटकाबाहेरच थांबवलं होतं.

ऋत्विकनं नोंदवही पुढे सरकवली. "तीन शनिवार कोरे. आधीच्या सह्या खऱ्या असत्या तर बेअरिंगला एवढे खड्डे पडलेच नसते."

"बरोबर," निशाताई म्हणाल्या. "जी मोटर आवळून बसली ती वर्षभर तरी कुणी फिरवलेली नव्हती."

महादूनं रामजीकडे पाहिलं. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"फक्त ती रामजीकाकांची मोटर नव्हती."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "क्रमांकाची पाटी जुळते आहे, बाई."

"पाटी जुळते. पाटीचे रिबिट नवे आहेत. मोटर अकरा वर्षांची, पाटी अकरा वर्षांची, मग रिबिट काल-परवाचे का? पाटी काढून दुसऱ्या अंगावर बसवली की होतात तसे. आता खड्डे बघा. शांत जागी पडलेल्या मोटरीला असे खड्डे पडत नाहीत, त्याला सतत थरथर लागते. शेडमध्ये काठोकाठ भरलेला पेला मी ठेवला, थेंब सांडला नाही. तोच पेला दोन नंबरच्या बंद ब्लोअरशी ठेवला तर पाणी उड्या मारायला लागलं. शेजारी एक नंबर रात्रंदिवस चालतो. आवळून बसलेली मोटर आधी तिथं उभी होती."

"हा नुसता तर्क आहे," ऋत्विक म्हणाला. आवाज अजून मऊच होता.

निशाताईंनी खपली टेबलावर ठेवली आणि शेजारी रुमाल पसरला. "निळ्या रंगाखाली हे लाल-पिवळं निघालं. आमचे हवालदार म्हणाले, रेड ऑक्साइड. पण साबण लागल्यावर पिवळ्याचं लाल होतं ते काय, हे कुठल्याही बाईला विचारा. स्नेहल?"

"हळद," स्नेहल पुटपुटली.

"हळद. आणि वरचं ते कुंकू. वर्षानुवर्षं बोटं ओढलेली, थरावर थर. महिपतीभाऊ, खंडेनवमीला शेडमधल्या मोटरींची पूजा होते?"

"नाय. शेडला कुलूप. दारालाच..." महिपती बोलता बोलता थांबला.

"एकोणीस वर्षं तो दिवस रामजीकाका नागपूरच्या वाटेवर असतात आणि चावी त्यांच्या खिशात असते. त्यांच्या मोटरीला कुंकवाचं बोट कधी लागलं नाही, तुम्ही स्वतःच मला सांगितलंत. मग कुंकवानं माखलेली ही मोटर शेडमध्ये आली कुठून? आणि कारखान्यातल्या प्रत्येक यंत्रावर दसऱ्याची बोटं असताना दोन नंबरच्या ब्लोअरची मोटर तेवढी कोरी कशी?"

महादूच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं आणि त्याचा त्याला आनंद झाला नाही.

"ऑडिटच्या आधी राखीव ब्लोअर चालवून पाहिला तेव्हा मोटर किंचाळली असणार. बेअरिंग गेलंय असं नोंदवलं तर वर्षभर काही बंद पडलं नाही ही शेखी संपली. रामजीकाका रजेवर, दुसरी चावी पवारांकडे. चांगली मोटर ब्लोअरला बसवली, मेलेली रंगवून शेडमध्ये ठेवली, पाट्या बदलल्या. काका सोमवारी परतले. शनिवारी त्यांनी दांड्याला हात घातला असता तर बोट लागताच ओळखलं असतं. मधल्या मंगळवारी पंप बसला."

"तुमच्याकडे पुरावा नाही," ऋत्विक म्हणाला.

"मंगळवारी शेडमध्ये तयार मोटर असताना तुम्ही महिपतीला म्हणालात, ब्लोअरची काढून लावू. तास जाणार होता, तरी. का? कारण चांगली मोटर कुठे आहे, ते या कारखान्यात एकट्या तुम्हाला माहीत होतं. बाकीचा पुरावा ब्लोअरच्या खोलीत आहे. काका, चला."

सगळे गेले. महिपतीनं दोन नंबरच्या पट्ट्यावरची जाळी काढली. ऋत्विकनं मोटरीवरची धूळ पुसली होती, पाटी बदलली होती, पण दांड्याच्या तोंडाकडे वाकून बघावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तिथं पिवळी रेघ होती.

रामजीनं पट्टा सैल करून घेतला आणि दांड्याला एक बोट लावलं. दांडा फिरला. त्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"माजीच हाय," तो म्हणाला.

ऋत्विक भिंतीला टेकला. "ऑडिट झाल्यावर मी बेअरिंग बदलणारच होतो."

"ऑडिट दहा तारखेला झालं," निशाताई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "सदू एकवीसला भाजला. अकरा दिवस होते तुमच्याकडे. ते सोडा. महिपती मोटर उचलून आणत होता, बसवत होता, ती वीस मिनिटं चालत होती, तेवढा वेळ तुम्ही तिथं उभे होतात. 'ही लावू नका,' एवढे तीन शब्द बोलला असतात तर सदू आज घरी असता. तुम्ही ढाल वाचवलीत."

महिपतीनं त्याची कॉलर धरली. फौजदारानं ती सोडवली, पण सावकाश. महादू पुढे झाला नाही. त्याला कुणाला तरी मारायचं होतं, आणि ज्याला मारायचं त्याच्याबद्दल आज सकाळपर्यंत आपलं मत चांगलं होतं, हे त्याला गिळता येत नव्हतं. पवार मऊ बोलला, म्हणून पवार भला. रामजी कुंकू लावत नाही, म्हणून रामजी खोटा. एवढंच आपलं हवालदारपण.

ऋत्विकला नेल्यावर मोठे साहेब रामजीजवळ आले. निलंबन मागे घेतो, सोमवारपासून कामावर या, असं काहीसं बोलले.

"आज शनवार हाय, सायेब," रामजी म्हणाला आणि शेडकडे चालू लागला.

निशाताईंनी तो स्टीलचा पेला महादूच्या हातात दिला. "हवालदार, पाण्याचा सत्याग्रह झालेल्या महाडच्या शेजारी बसून एका बाईला पाणी नाकारलंत तुम्ही. माझ्या कचेरीत."

"ताई, मी त्या अर्थानं..."

"मला नका सांगू."

फाटकाबाहेर गीताबाई करंजाच्या सावलीत बसली होती. महादूनं पेला काठोकाठ भरला आणि न सांडता तिच्यापर्यंत नेला. काय झालं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"त्या दिशी मला वाटला, जात बघून दिला नाय."

"राग होता, बाय," महादू म्हणाला. "सदू आमच्या गावचा. नुसता राग होता. चुकला माजा."

"रागच असतो सगळ्यांचा," ती म्हणाली. "बोलतात तरी तसाच." मग ती पाणी प्यायली.

रिकामा पेला तिनं परत दिल्यावर महादूनं विचारलं, "संध्याकाळी कुडपणला येशील माज्याबरोबर? ठकूबायला सांगायला हवा. मी एकट्यानं सांगितला तर तिला पटायचा नाय."

"येईन. त्यांचं आवरू दे."

शेडचं दार उघडं होतं. आत रामजी पहिल्या मोटरीपाशी वाकून पिवळी रेघ उजवीकडून खाली आणत होता. महादूनं चपला बाहेर काढल्या, आत जाऊन वंगणाचा डबा उचलला आणि दुसऱ्या मोटरीपाशी धरून उभा राहिला.